कमाल भारानंतर काय?

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळा-महाविद्यालयांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला येतो. सौर चूल, ठिबक सिंचन, गांडूळखत हे नेहमीचे विषय असतातच. त्यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत ‘तंतुयुक्त काँक्रीट’ हा विषय हटकून दिसू लागला आहे. टेबलावर दोन-चार ठोकळे मांडलेले असतात. मागे तक्ता असतो. तक्त्यावर दोन उभे स्तंभ काढलेले असतात, एक साध्या काँक्रीटचा आणि दुसरा तंतू घातलेल्या काँक्रीटचा. दुसरा थोडा उंच असतो आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते की मजबुती अमुक टक्के वाढली. खाली इमारतीचे चित्र आणि निष्कर्ष: ‘म्हणून या काँक्रीटचे खांब भूकंपात टिकतील.’

या लेखात आम्ही त्या तक्त्यावर टीका करणार आहोत, तो करणाऱ्या मुलांवर नव्हे. मुलांनी खडी चाळलेली असते, ठोकळे ओतलेले असतात, अठ्ठावीस दिवस ते पाण्यात ठेवलेले असतात. त्या कष्टांना आम्ही मनापासून दाद देतो. पण हाच तक्ता अभियांत्रिकीच्या प्रकल्प-अहवालांत आणि बाजारातल्या माहितीपत्रकांतही भेटतो. म्हणजे चूक मुलांची नाही. ती प्रश्न विचारण्याच्या आपल्या सवयीत आहे. ‘मजबुती किती टक्के वाढली?’ हा प्रश्न खांबाच्या बाबतीत अपुरा आहे. तंतूंचा खरा गुण या प्रश्नाच्या उत्तरात दिसतच नाही, आणि जो गुण त्यांच्यात फारसा नाही तो मात्र त्यांना चिकटवला जातो.

घन म्हणजे खांब नव्हे

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. काँक्रीटचा १५० मिलिमीटर बाजूचा घन अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबतात. ‘एम-२५’ या नावातला २५ म्हणजे अशा घनाने दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसावा ही अपेक्षा. पूर्ण घनावर तो भार सुमारे ५७ टन होतो. ठरलेल्या वेगाने भार वाढवला तर ही परीक्षा दोन मिनिटांच्या आत संपते. महिनाभर वाट पाहायची आणि दोन मिनिटांत निकाल!

ही परीक्षा चांगली आहे. स्वस्त आहे, सगळीकडे सारखी होते, आणि ठरलेल्या दर्जाचे काँक्रीट आले की नाही हे सांगते. तिचे काम तेवढेच आहे. घन बुटका असतो. यंत्राच्या पोलादी पट्ट्या त्याची वरची आणि खालची बाजू घर्षणाने धरून ठेवतात, त्यामुळे तो बाजूला फुगू शकत नाही आणि जास्त भार घेतो. त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटर व्यासाचे आणि ३०० मिलिमीटर उंचीचे नळकांडे केले, तर दर चौरस मिलिमीटरची मजबुती घनाच्या साधारण ऐंशी टक्केच भरते. पदार्थ तोच, आकार बदलला, आकडा बदलला.

खांबाची गोष्ट तर आणखी निराळी. खांबात उभ्या सळ्या असतात आणि भाराचा मोठा वाटा त्या उचलतात. ३०० × ३०० मिलिमीटरचा, एम-२५ काँक्रीटचा आणि २० मिलिमीटरच्या चार सळ्यांचा आखूड खांब घ्या. आय. एस. ४५६ या भारतीय संहितेच्या सूत्राने हिशेब केला, तर घनाची मजबुती १० टक्क्यांनी वाढली तरी खांबाची भारक्षमता सुमारे ७ टक्क्यांनीच वाढते.

शिवाय खांबावरचा भार नेमका मध्यावर कधीच येत नाही. वरची तुळई थोडी सरकलेली असते, खांब ओळंब्याला तंतोतंत नसतो. सळ्यांचा विचार तात्पुरता बाजूला ठेवला, तर ३०० मिलिमीटरच्या खांबावरचा भार मध्यापासून फक्त ५० मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या सहाव्या भागाइतका, सरकला की एका कडेचा दाब दुप्पट होतो आणि दुसऱ्या कडेचा शून्यावर येतो. त्याहून अधिक सरकला की त्या दुसऱ्या कडेला ताण सुरू होतो. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या सुमारे एक दशांशच असते. तक्त्यावरची आठ-दहा टक्क्यांची वाढ दोन इंचांच्या या सरकण्यापुढे कुठल्या कुठे जाते!

एकच गोष्ट बदलली का?

दुसरी टीका प्रयोगाच्या शिस्तीवर आहे, आणि ती शिक्षकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. संहितेप्रमाणे तीन घनांची सरासरी घेतात आणि एकेका घनाचा निकाल सरासरीहून १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे गेला तरी तो नमुना ग्राह्य धरतात. मग तीन साध्या आणि तीन तंतुयुक्त घनांच्या सरासरीत ८ टक्के फरक पडला, तर तो तंतूंमुळे पडला असे छातीठोकपणे कसे म्हणायचे? तक्त्यावर सरासरीबरोबर सहाही आकडे लिहायला लावावेत. एका गटाचे सर्वांत उंच माप आणि दुसऱ्या गटाचे सर्वांत ठेंगणे माप एकमेकांत मिसळलेले दिसले, तर निष्कर्ष जपून काढायला हवा, हे मुलांना न सांगता कळते.

त्यातही आणखी एक खोच आहे. तंतू घातले की मिश्रण राठ होते आणि तंतूंचे गोळे होतात. मग कालवणारा सहज तांब्याभर पाणी जास्त ओततो. पाणी वाढले की मजबुती घटते. म्हणजे तंतू आणि पाणी या दोन गोष्टी एकदम बदलल्या, आणि परिणामाचे श्रेय किंवा दोष एकट्या तंतूंच्या माथी आला.

आपल्या भागातले एक उदाहरण पाहा. ऊसपट्ट्यातली मुले उसाच्या चिपाडांचे तंतू वापरतात. कल्पना छान आहे, कारण चिपाडांना तोटा नाही. पण चिपाडात थोडी साखर उरलेली असते, आणि अगदी थोडी साखरही सिमेंटचे घट्ट होणे लांबवते. मजबुती कमी भरली की मुले लिहितात, ‘चिपाडाचे तंतू निरुपयोगी.’ वास्तविक त्यांनी मोजला तो साखरेचा परिणाम. चिपाडे धुऊन, वाळवून पुन्हा प्रयोग केला असता तर एका फसलेल्या प्रकल्पातून रसायनशास्त्राचा सुंदर धडा निघाला असता. माण-खटावच्या बांधांवरचा घायपाताचा वाख वापरणाऱ्यांपुढे वेगळी अडचण येते. सिमेंट अल्कधर्मी असते आणि वनस्पतींचे तंतू त्यात हळूहळू ठिसूळ होतात. अठ्ठावीस दिवसांची परीक्षा पाच वर्षांनंतरचे काही सांगत नाही.

उतारावरची गोष्ट

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तंतू काम करतात कसे?

खांब वरून दाबला की तो बाजूला थोडा फुगतो. फुगणे म्हणजे आडवा ताण. त्या ताणाने काँक्रीटमध्ये आधी सूक्ष्म आणि मग मोठ्या उभ्या भेगा पडतात. भेग पडेपर्यंत तंतूंना फारसे काम नसते. भेग पडली की तिच्या दोन काठांना जोडणारे तंतू ताणले जातात आणि काँक्रीटमधून हळूहळू उपसले जाऊ लागतात. लाकडातून खिळा उपसताना जोर लागतो तसाच इथे लागतो. घर्षणाविरुद्ध कार्य होते आणि ऊर्जा खर्च होते. म्हणून पोलादी तंतूंची टोके वाकवलेली असतात. तंतू पटकन निसटू नये आणि तुटूही नये, कष्टाने उपसला जावा, हा हेतू. तंतू भेगा अडवतात या विचाराला १९६३ मध्ये अमेरिकेत रोमुआल्डी आणि बॅटसन यांनी शास्त्रीय बैठक दिली. पण मातीच्या भिंतीचा चिखल तुडवताना त्यात काड नि भुसा मिसळणाऱ्या आपल्या माणसांना त्याचा अनुभव फार जुना आहे. काडाने भिंत जास्त भार उचलते असे ते म्हणत नाहीत, भिंत तडकत नाही असे म्हणतात. आमच्या मते आजच्या तक्त्यांपेक्षा हे वर्णन अधिक अचूक आहे.

भार आणि आखडणे यांचा आलेख काढला तर हे स्पष्ट होते. साध्या काँक्रीटचा आलेख चढत चढत शिखर गाठतो आणि कड्यावरून कोसळावा तसा खाली येतो. तंतुयुक्त काँक्रीटचे शिखर जवळपास तितकेच उंच असते, कधी थोडे वर, तंतू जास्त झाले तर कधी थोडे खालीही. फरक पडतो तो उतारात. तो लांब आणि सौम्य असतो. बल गुणिले विस्थापन म्हणजे कार्य, हे आपण शाळेत शिकवतो. म्हणून या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे मोडण्यापूर्वी पदार्थाने गिळलेली ऊर्जा. तंतूंमुळे शिखराची उंची थोडीच बदलते, पण हे क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढू शकते. या गुणाला आम्ही चिवटपणा म्हणतो. मजबुती आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. काच मजबूत असते, चिवट नसते.

मग तक्त्यावर हा उतार का दिसत नाही? कारण नेहमीच्या प्रयोगशाळेतले यंत्र तो दाखवू शकत नाही. ते भार वाढवत नेते. नमुन्याची ताकद घटू लागली की यंत्रात साठलेली ऊर्जा एकदम सुटते, नमुना फुटतो आणि काटा कमाल आकड्यावर थांबतो. उतार मोजायचा तर यंत्र भक्कम हवे आणि त्याने भार नव्हे, आखडणे ठरलेल्या वेगाने वाढवायला हवे. म्हणजे यंत्राला जे दिसते तेच आपण मोजतो, आणि पुढे तेवढेच महत्त्वाचे आहे असे समजू लागतो. हे केवळ काँक्रीटपुरते खरे नाही. तीन तासांच्या लेखी परीक्षेला जे दिसते तेवढीच विद्यार्थ्याची बुद्धी, असे आपण मानू लागतो त्यातलाच हा प्रकार.

कोयनेचा धडा

हा वाद केवळ पुस्तकी आहे असे कुणाला वाटेल. सातारा जिल्ह्यात तरी तसे वाटू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.५ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, वसाहतीतली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला, जिथे त्याच्या मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या पातळीच्या आसपास आडव्या भेगा पडल्या. धरण म्हणजे खांब नव्हे. पण स्वतःच्या वजनाखाली दाबात निवांत उभे असलेले काँक्रीट आडव्या हिसक्याने वाकले, एका बाजूला ताण आला आणि नेमक्या अवघड जागी ते तडकले, हे तत्त्व तेच. ते भेगाळले पण उभे राहिले, म्हणून पुढे दुरुस्त करून बळकट करता आले.

भूकंपात इमारतीवर ‘इतके टन भार’ असा सरळ हिशेब नसतो. जमीन हलते आणि इमारतीला ती ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. खांब शिखर ओलांडून थोडा वाकला, आवरण निघाले, तरी त्याने वरचा मजला तोलून धरला तर माणसे बाहेर पडतात. खांब एका क्षणात फुटला तर पडत नाहीत. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकांचा तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला होता आणि सगळा हिसका तिथल्या खांबांवर आला होता. अशा वेळी ‘कमाल भार किती?’ यापेक्षा ‘कमाल भारानंतर काय?’ हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो.

मिसळलेले आणि गुंडाळलेले

आणखी एक गोंधळ या तक्त्यांत असतो. ‘फायबर’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळी तंत्रे एकत्र केली जातात. एकात तंतू काँक्रीटमध्ये मिसळतात. दुसऱ्यात काचतंतूंचे किंवा कार्बनतंतूंचे कापड राळेने खांबाभोवती गुंडाळतात.

गुंडाळण्याचे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवलेली लोखंडी धाव बसवतो. ती निवताना आवळते आणि लाकडी पाट्यांना सुटू देत नाही. सुटी वाळू पायाखाली पसरते, तीच कापडी पिशवीत घट्ट भरली की त्यावर माणूस उभा राहतो. फुगायला विरोध झाला की आतल्या पदार्थाची ताकद वाढते. १९२८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे मोजले. काँक्रीटला बाजूने जितका दाब द्यावा, त्याच्या सुमारे चौपट त्याची उभी ताकद वाढते. बाजूने दर चौरस मिलिमीटरला २ न्यूटन दाब मिळाला तर सुमारे ८ न्यूटनांची भर पडते. म्हणजे इथे शिखरही उंचावते आणि उतारही सौम्य होतो.

पण याही तंत्राच्या मर्यादा तक्त्यावर हव्यात. गोल खांबाला आवळा सगळीकडून सारखा बसतो. चौकोनी खांबात तो कोपऱ्यांवर बसतो, सपाट बाजूंच्या मध्यावर ढिला राहतो, म्हणून कोपरे घासून गोल करावे लागतात. तंतूंचे कापड पोलादासारखे आधी लांबून इशारा देत नाही, एकदम फाटते. राळ आगीच्या उष्णतेत लवकर मऊ पडते. आणि आतली सळई गंजत असताना वरून कापड गुंडाळले, तर तो उपचार होत नाही, दुखणे फक्त झाकले जाते. कृष्णाकाठी पुराचे पाणी चढते-उतरते, अशा ठिकाणी आवरण कमी असेल तर गंजाचा धोका वाढतो. तिथे तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

खरे तर गुंडाळण्याचे जुने आणि स्वस्त साधन प्रत्येक खांबात असतेच. ते म्हणजे रिंगा. रिंगा उभ्या सळ्यांना बाहेर वाकू देत नाहीत, आतल्या काँक्रीटला आवळून धरतात आणि आडव्या बलाने पडणारी तिरकी भेग अडवतात. म्हणून ‘तंतू घातले, आता रिंगा विरळ चालतील’ हे वाक्य आम्हाला सर्वांत धोक्याचे वाटते. साधा हिशेब करा. वरच्याच खांबाची उंची ३ मीटर धरा. आकारमानाच्या १ टक्का पोलादी तंतू घालायचे तर सुमारे २१ किलो लागतात. ८ मिलिमीटरच्या रिंगांमधले अंतर १५० वरून १०० मिलिमीटरवर आणायला जेमतेम ४ किलो जादा पोलाद लागते. आणि रिंगेची टोके १३५ अंशांत आत वळवायला तर जवळपास काहीच लागत नाही, लागते ती देखरेख. नव्वद अंशांत वळवलेली रिंग आवरण निघताच उघडते आणि मग तिचा उपयोग राहत नाही. तंतू रिंगांच्या जोडीला आले तर आवरण निसटणे लांबवतात, सळ्यांचे वाकणे लांबवतात. उच्च मजबुतीच्या काँक्रीटच्या खांबांत, जिथे आवरण अचानक निघण्याचा धोका मोठा, तिथे हे फार मोलाचे आहे. पण ते जोडीदार आहेत, बदली कामगार नव्हेत.

वर्गात काय करता येईल?

नुसती टीका करून थांबणे बरे नाही. उतार शाळेतही मोजता येतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या, १५ मिलिमीटर जाडी-रुंदीच्या दहा-बारा कांड्या ओता. निम्म्या साध्या, निम्म्यांत दोन सेंटिमीटरचे काथ्याचे तुकडे. पाण्याचे प्रमाण दोन्हींत एकच ठेवा. कांडी दोन आधारांवर ठेवून मध्ये बादली टांगण्याचा मोह होईल. तो टाळा. बादलीसुद्धा त्या यंत्रासारखीच आहे. कांडी तडकली की बादली खाली येणार आणि उतार दिसणारच नाही.

त्याऐवजी दुकानातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घ्या. त्यावर दोन आधार आणि कांडी ठेवा. काट्याभोवती टेबलाला पक्की लाकडी चौकट बसवून तिच्यातून आट्यांचा लांब बोल्ट कांडीच्या मध्यावर आणा. बोल्ट पाव-पाव फेरा फिरवत काट्यावरचे वजन लिहीत जा. फेरे आडव्या अक्षावर, वजन उभ्या अक्षावर. साधी कांडी तुटताच वजन शून्यावर येईल. काथ्याची कांडी तडकेल, वजन उतरेल, पण ती हातात हात धरून राहावी तशी राहील आणि पुढचे कितीतरी फेरे काही ना काही वजन दाखवत राहील. स्प्रिंगचा काटा मात्र वापरू नका. स्प्रिंगमध्ये ऊर्जा साठते आणि तडकण्याच्या क्षणी ती सुटून उतार पुसून टाकते. का, ते मुलांनाच विचारा. मोठ्या प्रयोगशाळांना भक्कम यंत्र का लागते, याचे उत्तर त्यांच्याच तोंडून येईल. दोन्ही आलेखांखालचे चौकोन मोजून ऊर्जांची तुलना करता येईल.

कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे. म्हणजे काँक्रीट शिकवणारी जुनी घरे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. शाळांनी हा आलेख घेऊन तिथल्या प्राध्यापकांकडे जावे आणि आपल्या प्रश्नांवर बोलावे असे आम्हाला वाटते.

परीक्षकांसाठी शेवटची एक सूचना. प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत ‘कल्पकता’, ‘मांडणी’, ‘उपयुक्तता’ असे रकाने असतात. पदार्थांच्या मजबुतीचा प्रकल्प समोर आला की त्यांच्या शेजारी पेनाने आणखी एक रकाना आखावा: ‘कमाल भारानंतर काय झाले?’ मुलाने उत्तरादाखल उतरता आलेख दाखवला तर पूर्ण गुण द्यावेत. ‘ते आम्ही पाहिलेच नाही’ असे तो प्रामाणिकपणे म्हणाला, तरी निम्मे गुण द्यायला हरकत नाही. काय पाहायचे राहिले, ते त्याला कळलेले असते.